माळेचा दोरा

आबा बाजेवर बसून माळ ओवायचे. परातीत तुळशीचे 108 मणी, दोऱ्याच्या टोकाला मेण. मणी घासून इतके गुळगुळीत झालेले की बोटांतून निसटायचे. बाराव्या वर्षी मी हट्ट धरला, मलाही माळ पाहिजे. "आधी नाथषष्ठीला पैठणला पायी चल. मंग मनाला विचार," एवढंच ते म्हणाले. मनाला विचारायला मला दोन वर्षं लागली. त्यांनी एकदाही आठवण करून दिली नाही.

आमच्या अंतरवाली सराटीचं नाव 2023 मध्ये मराठा आरक्षणाच्या उपोषणानं राज्यभर झालं. माझ्यासाठी गाव म्हणजे सप्ताहातलं काल्याचं कीर्तन. ते संपलं की बुक्का लावून मी आबांच्या पाया पडायचो आणि ते माझ्या. सत्तरीतला माणूस आपल्यापुढं वाकला की पोटात कालवायचं.

आबा गेले, माय एकटी पडली आणि एका महाराजांकडे जाऊ लागली. पहिल्याच दिवशी गळ्यात माळ आली. ती पुन्हा हसायला लागली होती, म्हणून मलाही बरं वाटलं. मग मामाकडचं लग्न चुकलं, शेजारणीशी बोलणं तुटलं. शेवटी साखरेच्या गोळ्या बंद झाल्या. गोळी घेतली म्हणजे श्रद्धा कमी, माळ काढली तर घर बसेल, असं तिला सांगितलं होतं. तेही मायेनं, डोक्यावर हात ठेवून. साप चावलेल्याला दवाखान्यापासून अडवणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. वारी, कीर्तन, भजन त्याच कायद्यानं मोकळं ठेवलं. पण हा डोक्यावरचा हात कोणत्या कलमात धरायचा?

मला देवगिरीचे जनार्दनस्वामी आठवत राहिले. एकनाथांसारखा शिष्य मिळूनही त्यांनी त्याला पायाशी बांधून ठेवलं नाही. तीर्थयात्रेला धाडलं, पैठणला संसार कर म्हणाले.

गोळ्या बंद झाल्या आणि शेवटी मायला दवाखान्यात न्यावं लागलं. ती घरी आल्यावर एके सकाळी तिची माळ तुटली. मणी बाजेखाली गडगडत गेले. ती भिंतीला टेकून थरथरत होती. मी आबांचा डबा काढला, दोऱ्याला मेण लावलं आणि परात तिच्या मांडीवर ठेवली. बऱ्याच वेळानं तिनं एक मणी उचलला. दुपारपर्यंत आम्ही ओवत होतो. एक सापडलाच नाही. तिनं तशीच गाठ मारली, माळ गळ्यात घातली आणि विचारलं, "गोळी जेवायच्या आधी का नंतर रे?"