कव्हर टिकतं ते टाक्यावर

सीट कव्हर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी रंग विचारतं, मग भाव, आणि निघता निघता "किती वर्षं चालेल हो?" या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर रंगातही नसतं आणि बऱ्याचदा भावातही नसतं. पुण्यात हूड-कुशनच्या धंद्यात माझी हयात गेली. आधी जीपचे हूड, रिक्षाच्या सीटा, आता मुख्यतः मोटारींची कव्हरं. निकालात निघालेली कव्हरं उसवून बघायची मला खोड आहे. त्यातून एवढं कळलं, की बसून बसून झिजलेली कव्हरं थोडीच असतात. बाकीची सोलतात, फुगतात, नाहीतर शिवणीत जातात.

आधी सोलण्याचं बघू. दुकानात 'नापा', 'आर्ट लेदर', 'लेदरेट' अशी भारदस्त नावं ऐकू येतात. कव्हरच्या बाजारात या नावांखाली बहुतेक वेळा जे मिळतं, त्यात कातडं नसतं. खाली कापड आणि वर प्लास्टिकचा थर, तो पीव्हीसीचा किंवा पीयूचा. पीव्हीसी मुळात कडक. त्याला मऊ ठेवायला प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य मिसळतात आणि ते उन्हाने हळूहळू उडत जातं. नवं कव्हर बसवलेल्या गाडीच्या काचेला आतून जो धुरकट, चिकट थर येतो, त्यात या द्रव्याचाही वाटा असतो. उन्हात बंद उभ्या केलेल्या गाडीत तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीसेक अंश जास्त तापमान होतं. मग नागपूर-अकोल्याकडच्या मे महिन्यात काय होत असेल, याचा हिशेब तुम्हीच करा. द्रव्य उडालं की कव्हर ताठरतं आणि घडीवर चिरतं.

पीयूची तऱ्हा वेगळी. हाताला मऊ लागतं, कातड्याचा भास होतो, म्हणून दुकानदार ते वरच्या भावाने विकतो. पण स्वस्त पीयूला दमट हवा सोसत नाही. हवेतल्या ओलाव्याने त्याचे रासायनिक बंध तुटत जातात, आणि एके दिवशी पँटला काळे पापुद्रे चिकटून येतात. यात बसणाऱ्याचा काही दोष नसतो, कपाटात ठेवलेली पीयूची पर्सही अशीच सोलते. ओल सोसणारं पॉलिकार्बोनेट जातीचं पीयू असतं, पण साध्या दुकानाच्या काउंटरवर ते क्वचितच दिसतं. त्यामुळे रत्नागिरी, मालवण, मुंबईकडच्या माणसाला मी सरळ सांगतो, चांगल्या जाडीचं पीव्हीसी घ्या आणि गाडी सावलीत लावा. 'प्रीमियम' शब्दाला भुलू नका.

फुगणं म्हणजे रेक्झिन, म्हणजे हेच प्लास्टिकचा थर दिलेलं कापड, आणि मागचा फोम यांची फारकत. फोम नुसत्या गोंदाने चिकटवला असेल तर उन्हाळ्यात गोंद सुटतो आणि सुरकुत्या पडतात. फोमचा पृष्ठभाग ज्योतीवर वितळवून चिकटवलेला माल जास्त टिकतो. दुकानात कत्रण मागा आणि कोपऱ्यातून थर नखाने सोडवून बघा. सहज सुटला तर पुढे बोलूच नका.

आता टाका. गिऱ्हाइकाला वाटतं, जवळजवळ टाके म्हणजे मजबूत शिवण. कापडाला ते चालतं, रेक्झिनला नाही. सुई कापडाचे धागे बाजूला सारून जाते, पण रेक्झिनच्या थराला भोक पाडते आणि ते भोक पुन्हा बुजत नाही. भोकं दाट झाली की पोस्टाच्या तिकिटासारखं रेक्झिन त्या रेषेवर फाटतं. इंचाला सहा ते आठ टाके पुरेत. दोरा पॉलिस्टरचा हवा. सुती दोरा घामाने कुजतो, नायलॉन ताणाला चांगला पण उन्हात लवकर कमजोर होतो. चौकट-चौकट डायमंड शिवण हल्ली फार चालते. दिसते झकास, पण जिथे गरज नाही तिथे शेकडो भोकं आणि प्रत्येक भोकात धूळ. माझ्या मते ती बैठकीवर नको, पाठीवर हवी तर घ्या. आणि कव्हर बघायचंच तर ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड बघा. चढता-उतरता सगळा घासा तिथे बसतो. त्या कडेला दुहेरी शिवण नसेल तर बाकीची नक्षी फुकट आहे.

मात्र एक शिवण अशी आहे, जी कच्चीच असायला हवी. अनेक गाड्यांत बाजूची एअरबॅग पुढच्या सीटच्या पाठीत, दाराकडच्या कडेला असते. ह्युंदाईने तर २०२३ पासून आपल्या सगळ्या गाड्यांत सहा एअरबॅग देऊ केल्या. ही बाजूची बॅग सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास फुगून बाहेर यावी लागते. वर पक्क्या दोऱ्याचं घट्ट कव्हर असेल तर ती अडते, उशिरा येते किंवा भलत्याच बाजूने येते. म्हणून त्या कडेला सहज तुटणाऱ्या दोऱ्याची एकेरी शिवण देतात, नाहीतर ती बाजू उघडी ठेवतात. तुमच्या सीटच्या कडेला 'एअरबॅग' लिहिलेली चिठ्ठी असेल तर गाडीचं मॅन्युअल उघडा. बहुतेक मॅन्युअलांत कव्हर घालूच नका, असं लिहिलेलं असतं. ते मानणारं गिऱ्हाईक मी हसत परत पाठवतो. न मानणाऱ्याला ती बाजू उघडी असलेलंच कव्हर देतो, मग ते दिसायला कसंही असो.

आगीचं कोणी विचारतच नाही. कारखान्यातून येणाऱ्या गाडीच्या आतल्या कापडाला आयएस १५०६१ हे मानक लागू असतं. ज्योत किती वेगाने पसरते, ते त्यात मोजतात. अमेरिकेतल्या तशाच नियमात मर्यादा मिनिटाला १०२ मिलिमीटर आहे. बाहेरचं कव्हर घेताना या चाचणीचा कागद मागा. नसेल, तर तेवढं समजून घ्या.

राहिली मागची सीट. घाईतला फिटर तिथे सीटबेल्टच्या पट्ट्यांची बकलं कव्हरखाली दाबून मोकळा होतो, कारण त्यांच्यासाठी खाचा कापणं वेळखाऊ काम. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला, तेव्हा मागे बसलेल्यांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर १ नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी गाडीतल्या सगळ्यांनाच पट्टा सक्तीचा केला. सक्ती झाली, पण कव्हरखालची बकलं कितीतरी गाड्यांत अजून तशीच आहेत. तेव्हा दुकानातून निघण्याआधी मागच्या सीटवर स्वतः बसा, प्रत्येक पट्टा लावून बघा आणि मगच फिटरच्या हातावर पैसे ठेवा.