सागराविना सागरेश्वर

कऱ्हाडहून पूर्वेस निघाले म्हणजे सह्याद्रीची हिरवाई मागे पडते आणि उघडे, पिवळ्या गवताचे डोंगर दिसू लागतात. त्यांपैकीच सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावाजवळचा सागरेश्वराचा डोंगर पाहण्यास आम्ही फाल्गुनात सहकुटुंब गेलो होतो. "काका, सागर कोठे आहे?" असे मुलांनी विचारलेच. सागर दूर राहिला. येथे बारमाही झराही नाही!

पायथ्याशी सागरेश्वराचे प्राचीन देवालय असून भोवती लहान देवळांचा मोठा समूह आहे. यशवंतराव चव्हाणांचा जन्म १९१३ साली देवराष्ट्र्यासच झाला. देवदर्शन आटोपून आम्ही वर चढलो.

असलेले रान राखून अभयारण्य करणे ही नेहमीची रीत. येथे रानच मुळी माणसांनी उभे केले. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, उजाड डोंगरावर झाडे लागली, हरणे बाहेरून आणून सोडली गेली, आणि १९८५ साली यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र अवघे १०.८७ चौरस किलोमीटर. एखाद्या मोठ्या गावच्या शिवाराएवढेच म्हणा ना! सांबर, चितळ व काळवीट ही येथील मुख्य वस्ती. पिळदार शिंगांचा एक काळवीट गवतात निश्चल उभा होता. मुलेही क्षणभर बोलायची थांबली.

माथ्यावरून एकीकडे कृष्णाकाठचा हिरवागार ऊस दिसतो आणि पायांखाली वाळलेले गवत. सारा पेच या दोहोंत आहे. येथे वाघ नाही, त्यामुळे हरणांची संख्या वाढते. उन्हाळ्यात चारा सरतो, पाणवठे माणसांनीच भरावे लागतात. मग कुंपणाच्या फटीतून कळप उसात शिरतात. खाली भेटलेले एक वृद्ध शेतकरी आम्हांस म्हणाले, "हरणं आमचीच हो, पण ऊसबी आमचाच हाय." त्यांना काय उत्तर द्यावे हे आम्हांस सुचले नाही.

अलीकडे येथील काही चितळ चांदोलीच्या रानात नेऊन सोडले आहेत. ते रान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडते. तेथे वाघास भक्ष्य हवे, येथे चाऱ्यावरील तोंडे कमी व्हावयास हवीत. उपाय आम्हांस शहाणपणाचा वाटला; मुलांना मात्र तो मुळीच रुचला नाही.

आगगाडीने येणाऱ्यांस ताकारी स्थानक सोयीचे. पहाटेच चढावे, आणि पाणी बरोबर घ्यावे.