अमरावती ते अकोला : एका जुन्या मोटारीचें निदान

अमरावतीहून अकोल्यास जाणारा रस्ता सुमारें शंभर किलोमीटरांचा आहे. बडनेरा मागें टाकिलें कीं दोहों बाजूंस काळ्या मातीचीं शेतें लागतात. वैशाखांत तेथें नांगरटीच्या ढेकळांवांचून व एखाद्या बाभळीवांचून दुसरें फारसें कांहीं दृष्टीस पडत नाहीं. याच महामार्गावर २०२२ च्या जूनमध्यें ७५ किलोमीटरांचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड अंथरण्यांत आला व त्याची गिनीज बुकांत नोंद झाली. रस्ता असा सुरेख. आमची मोटार मात्र त्यास शोभणारी नव्हती.

मोटार १९९७ सालची मारुती ८००; तीन सिलिंडरांची, कार्बोरेटरची. घरून निघतांना ती सुरळीत चाले. अर्ध्या तासानें हिसके देऊं लागे व अखेर बंद पडे. पाव घटका थांबलें कीं पुनः सुरू! वडील भगिनी अकोल्यास अंथरुणास खिळलेल्या; त्यांनीं बोलाविलें असतां आम्ही दोनदां अर्ध्या वाटेवरून परतलों. एका कारागिरानें नवा कार्बोरेटर बसविण्यास सांगितलें व खर्चाचा आंकडाही मोठा सांगितला.

तिसऱ्या खेपेस मूर्तिजापूर जवळ आलें आणि गाडीनें पुनः दम सोडला. ट्रक शेजारून जात तेव्हां ती थरथरे. आम्ही ती अगदीं कडेला घेतली, इशाऱ्याचे दिवे लाविले व सौभाग्यवतींस रस्त्यापासून दूर लिंबाखालीं बसविलें.

वैद्यकांत रोगपरीक्षेचीं पांच साधनें सांगितलीं आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय व संप्राप्ति. उपचार लागू पडतो कीं नाहीं यावरून रोग ओळखणें हा उपशय. उन्हानें नळींतील पेट्रोलची वाफ होऊन पंप निकामी होतो, असें आम्हीं ऐकिलें होतें. म्हणून पंपावर व नळीवर ओलें फडकें ठेविलें. इंजिन दोन क्षण चालून पुनः थांबलें. अर्थात् रोग निराळा होता.

समोरच्या पंक्चरच्या दुकानांतील तरुण आला. त्यानें प्लगाची ठिणगी पाहिली. ती उत्तम होती. पेट्रोल मात्र कार्बोरेटरापर्यंत येत नव्हतें. तो हंसून म्हणाला, “काकाजी, कार्बोरेटर राहू द्या, पैले टाकीचं झाकन तं खोला!”

झाकण सैल करतांच सूं करून वारा आंत शिरला आणि इंजिन तत्काळ सुरू झालें!

उलगडा सोपा होता. टाकींतून जितकें पेट्रोल जाईल, तितकी हवा आंत आली पाहिजे. झाकणांतील बारीक वायुमार्ग वऱ्हाडच्या धुळीनें बुजला होता. आंत निर्वात होऊन पंपास पेट्रोल ओढवेना. थांबलें असतां हवा हळूहळू झिरपे, म्हणून गाडी पुनः चाले. तरीही अन्वयव्यतिरेकानें खात्री करावी म्हणून झाकण घट्ट लावून आम्ही पुढें निघालों. कांहीं वेळानें हिसके आले, उघडतांच गेले. शंका उरली नाहीं. मात्र असा प्रयोग करतांना विडी वा काडी जवळ नसावी, व सैल झाकणानें प्रवास करूं नये.

मूर्तिजापुरास नवें झाकण घेतलें. याच गांवीं यवतमाळ व अचलपूर येथून शकुंतला गाडी येत असे. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चाले. पुढें अकोल्यापर्यंत गाडीनें एकही हिसका दिला नाहीं.

ताईंनीं आमचा आवाज ओळखून खोलींतूनच विचारलें, “आलास का रे? आज मोटार परतली नाहीं?” त्यांच्या उशाशीं बसल्यावर झाकणाची हकीकत सांगितली. पुष्कळ दिवसांनीं त्या मनापासून हंसल्या.