कंपनी गेली, राजा आला, गुलामाचे काय?

‘वरचे सरकार बदलले की खालच्या माणसाचे भले होते’ हे वाक्य वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही दर निवडणुकीत ऐकतो. समाजशास्त्राच्या एम.ए.ला अमेरिकेतील गुलामगिरीचा इतिहास वाचल्यापासून ते आमच्या पचनी पडत नाही.

१६०६ साली इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने व्हर्जिनिया कंपनीला सनद दिली. १६०७ मध्ये जेम्सटाऊन वसले. नाव राजाचे, कारभार लंडनच्या भागधारकांचा. नफा झालाच नाही. उपासमारीने आणि रोगराईने माणसे मेली. ज्यांच्या जमिनी बळकावल्या, त्या पॉव्हॅटन मूलनिवासींनी १६२२ साली उठाव केला; ३४७ वसाहतवाले मारले गेले. कंपनी कर्जात बुडाली, भागधारक आपसात भांडू लागले. राजाने चौकशी लावली आणि १६२४ मध्ये न्यायालयाने सनद रद्द केली. व्हर्जिनिया थेट राजाच्या अमलाखाली आली. गव्हर्नर आता राजा नेमू लागला.

पण गुलामाच्या बाजूने हाच इतिहास वाचा. जुलै १६१९ मध्ये व्हर्जिनियात वसाहतवाल्यांच्या प्रतिनिधींची पहिली सभा भरली. पुढच्याच महिन्यात वीसेक आफ्रिकन माणसे जहाजातून उतरवून अन्नधान्याच्या बदल्यात विकली गेली. राजाच्या अमलातही ती सभा टिकली आणि गुलामीचे कायदे तिनेच केले. १६६२ चा कायदा म्हणतो, मुलाचा दर्जा आईवरून ठरेल. म्हणजे बाप मालक असला तरी गुलाम आईचे मूल गुलामच! जन्मावरून दर्जा ठरवणारी व्यवस्था आम्हाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. १६६७ च्या कायद्याने तर बाप्तिस्मा घेऊन सुटण्याचा मार्गही बंद केला.

जॉर्जियाचे उदाहरण याहून बोलके आहे. तिथल्या विश्वस्तांच्या राजवटीत १७३५ पासून गुलामगिरीला बंदी होती. मळेवाल्यांच्या दबावाखाली १७५० साली ती उठवली गेली. १७५२ मध्ये विश्वस्तांनी सनद परत केली, राजाचा अंमल आला आणि १७५५ मध्ये गुलामांसाठीची कायदेसंहिता तयार झाली. राजाने गुलामाला सोडवले नाही. त्याच्या राजवटीत गुलामगिरी कायद्याने पक्की झाली.

आपल्याकडेही १८५८ साली कंपनी गेली आणि राणी आली. राणीच्या जाहीरनाम्याने प्रजेच्या धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचन दिले. ज्यांच्यावर धर्माच्याच नावाने अन्याय होत होता, त्यांना त्या वचनाचा काय उपयोग? बाबासाहेबांनी १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात एम.ए.चा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावरच लिहिला होता. पुढे १९३० च्या गोलमेज परिषदेत त्यांनी सत्ताधाऱ्यांसमोर हिशेब मांडला: ब्रिटिश येण्यापूर्वी अस्पृश्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, आज तरी येते का?

राजाचा अंमल कंपनीपेक्षा वाईट होता, असे आमचे म्हणणे नाही. मालक बदलणे आणि मालकी संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच आम्ही सांगतो. व्हर्जिनियाच्या सभेत मळेवाले बसत होते, गुलाम नव्हते. म्हणून कोणतेही नवे सरकार आले की आम्ही वस्तीतल्या तरुणांना दोनच प्रश्न विचारायला सांगतो: कायदा करणाऱ्यांत आपण आहोत का? आणि असलो, तर तिथे आपले तोंड उघडते का?