जागतिक व्यापाराचा अभ्यास कुणाला विचारून?

व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना मी आंतरराष्ट्रीय व्यापार शिकवते. विषयाचं नाव काढताच त्यांच्या डोळ्यांपुढे बंदरं, डॉलर आणि बड्या कंपन्या येतात. मी सुरुवात करते ती कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीच्या कापसापासून.

२०२५चा हंगाम घ्या. अमेरिकेने २७ ऑगस्टपासून भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. कापड उद्योगाला कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून केंद्र सरकारने १९ ऑगस्टपासूनच परदेशी कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क माफ केलं होतं. ३० सप्टेंबरपर्यंतची ही सवलत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. आपल्याकडे वेचणीचा जोर असतो तो याच काळात. त्यात सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्यातली पिकं झोडपून काढलेली.

आता या शुल्कमाफीचा अभ्यास करायचा आहे. तिरुपूरचे तयार कपड्यांचे निर्यातदार आणि सूतगिरण्या यांना विचारलं, तर दिलासा मिळाला असं उत्तर येईल. ते खोटं नसेल, पण अर्धंच असेल. कापूस पिकवणारा, खेडा खरेदी करणारा व्यापारी, जिनिंगमधला कामगार आणि वेचणीला जाणाऱ्या बायका यांचं म्हणणं त्यात नाही. त्यांना सामावून घेण्यात उपकार कसले? त्यांच्यावाचून निष्कर्षच चुकतो.

आमच्या शास्त्राला हा धडा जुना आहे. गीर्ट हॉफस्टेड यांचा राष्ट्रीय संस्कृतींवरचा गाजलेला अभ्यास मुख्यतः १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम या एकाच कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी भरलेल्या प्रश्नावल्यांवर उभा राहिला. प्रश्नावल्या लाखाहून अधिक होत्या. तरी एका कंपनीच्या नोकरदारांवरून अख्ख्या देशाचा स्वभाव कसा ठरवायचा, हा आक्षेप आजही घेतला जातो.

म्हणून चार तत्त्वांचा मी आग्रह धरते.

पहिलं, नावांची यादी कशी तयार झाली ते तपासा. २०२५-२६साठी मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलला ७७१० आणि लांब धाग्याला ८११० रुपये हमीभाव होता. सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, माल घालायचा तर कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी हवी आणि नोंदणीला जमिनीचा कागद हवा. सातबारा नवऱ्याच्या नावावर असेल, तर लावणीपासून वेचणीपर्यंत राबणारी बाई त्या यादीत शेतकरी म्हणून येत नाही. तोंडी बटाईने शेत करणाऱ्याचीही तीच गत. संशोधकाने हीच यादी घेऊन नमुना निवडला, तर ही माणसं दुसऱ्यांदा वगळली जातात.

दुसरं, प्रश्न ठरवतानाच त्यांना बोलवा. आपण विचारतो, ‘हमीभाव परवडतो का?’ भिजलेला कापूस घरात पडलेल्याची चिंता वेगळी असते. हमीभावाच्या खरेदीत ८ ते १२ टक्के ओलाव्याची मर्यादा असते. आपला माल त्यात बसेल का आणि नाही बसला तर तो कोण, काय भावाने घेईल, हे त्याला आधी कळायला हवं असतं.

तिसरं, माणसाची वेळ आणि मोकळीक जपा. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. प्रश्नावली भरण्यात गेलेला तास म्हणजे बुडालेली कमाई. तिची भरपाई संशोधनाच्या अंदाजपत्रकात धरलीच पाहिजे. मालक शेजारी उभा असताना मजुरीबद्दल विचारू नये. ‘मला नाही सांगायचं’ म्हणण्याचा हक्क अंगठा उमटवणाऱ्या बाईलाही कंपनीच्या संचालकाइतकाच आहे.

चौथं, श्रेय आणि निष्कर्ष जिथले तिथे पोचवा. गावोगाव हिंडून माहिती आणणाऱ्या आणि तिचा अर्थ लावणाऱ्या इथल्या विद्यार्थ्याचं नाव लेखक म्हणून छापलं जावं, तळटीपेतल्या आभारांत नव्हे. इंग्रजी नियतकालिकात जे छापलं, ते सोप्या मराठीत गावात वाचून दाखवावं आणि लोकांनी घेतलेले आक्षेप अहवालात नोंदवावेत.

यासाठी वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. प्राध्यापकांची बढती केवळ परदेशी नियतकालिकांतल्या लेखांवर मोजली, तर एवढा खटाटोप कोणी करणार नाही. म्हणून व्यवस्थापन संस्थांना माझी विनंती आहे. संशोधनाचा आराखडा मंजूर करण्यापूर्वी एक प्रश्न लेखी विचारा: या व्यवहाराची झळ ज्यांना बसते, त्यांच्यापैकी कुणाला तुम्ही विचारणार नाही आहात, आणि का? समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत मंजुरी देऊ नका.