अश्वशक्तीवरचा कर आणि सातपुड्यातील जीप

नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याला, तापीच्या काठी, दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा बाजार भरतो. जाणकार गिऱ्हाईक आधी दात पाहून वय ओळखतो. मग खूर, पाय आणि छाती पाहतो, देवमण योग्य जागी आहे का ते तपासतो, घोडा पंचकल्याणी आहे का ते पाहतो आणि शेवटी त्याला चालवून रेवाल चाल पारखतो. घोड्याची ताकद एका आकड्यात सांगा, असे तेथे कोणी म्हणत नाही. मोटारीच्या इतिहासात मात्र सरकारांनी नेमके हेच केले. घोड्याचा आकडा केला आणि त्या आकड्यावर कर बसवला.

अश्वशक्ती हे माप मुळात विक्रीसाठी जन्मले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स वॉट वाफेची इंजिने विकत होता आणि त्याची गिऱ्हाइके घोडे जुंपून काम करणारी होती. एक यंत्र किती घोड्यांचे काम करील, हे सांगितल्याशिवाय सौदा होत नसे. त्याने एका घोड्याचे काम मिनिटाला ३३,००० फूट-पौंड धरले. दिवसभर राबणाऱ्या साध्या घोड्याला एवढे काम झेपत नाही, आणि काही क्षणांपुरता तोच घोडा याच्या अनेक पट जोर लावतो. म्हणजे हा घोडा पहिल्यापासूनच कागदी होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये मोटारींवर कर लावण्याची वेळ आली तेव्हा प्रत्येक इंजिनाची खरी शक्ती मोजत बसणे शक्य नव्हते. रॉयल ऑटोमोबाइल क्लबचे एक सोपे सूत्र हाताशी होते. सिलिंडरचा व्यास, म्हणजे आपले मेकॅनिक ज्याला बोअर म्हणतात तो, इंचांत मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, सिलिंडरांच्या संख्येने गुणायचे आणि अडीचने भागायचे. पिस्टन किती लांब धावतो, म्हणजे स्ट्रोक किती, हे सूत्रात कोठेच नव्हते. १९१० पासून या आकड्यानुसार कराच्या पायऱ्या ठरल्या. १ जानेवारी १९२१ पासून नियम आणखी सरळ झाला : दर अश्वशक्तीला वर्षाला एक पौंड, आणि अपूर्णांक आला तर तो पूर्ण धरायचा.

सूत्रातील भोक अभियंत्यांना दिसायला वेळ लागला नाही. बोअर अरुंद ठेवा, स्ट्रोक लांबवा. शक्ती मिळते, कर वाढत नाही. हिशेब करून पाहण्याजोगा आहे. फोर्डच्या मॉडेल टी या साध्या, शेतकऱ्याच्या गाडीचा बोअर पावणेचार इंच आणि सिलिंडर चार. सूत्राने येतात २२.५, म्हणजे कर २३ पौंड. तिची खरी शक्ती साधारण २० अश्वशक्ती. त्याच काळातील बेंटली ३ लिटर ही शर्यतींत नाव काढलेली मोटार. तिचा बोअर ८० मिलिमीटर आणि स्ट्रोक तब्बल १४९ मिलिमीटर. खरी शक्ती ७० च्या आसपास, सूत्राची १५.९ आणि कर १६ पौंड. श्रीमंताच्या मोटारीला गरिबाच्या मोटारीपेक्षा सात पौंड कमी! १९२२ ची ऑस्टिन सेव्हन आठ पौंडांत बसली आणि ब्रिटिश मध्यमवर्गाची लाडकी झाली. अमेरिकन फोर्डलाही पुढे आपल्या मॉडेल एची अरुंद बोअरची आवृत्ती ब्रिटनसाठी वेगळी काढावी लागली.

या कराची सर्वात जास्त झळ बसली ती जुन्या, मोठ्या इंजिनाच्या मोटारीच्या मालकाला. कारण मोटार म्हातारी होते, तिची किंमत उतरते, पण बोअर तेवढाच राहतो. रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टचे सहा सिलिंडर साडेचार इंचांचे. सूत्राने ४८.६, कर ४९ पौंड. नवी असताना हा आकडा तिच्या मालकाच्या खिजगणतीतही नसेल. तीच मोटार दुसऱ्या-तिसऱ्या हाती जाऊन कवडीमोल झाली, तरी दरवर्षी तेवढाच कर मागत राहिली. १९३५ मध्ये दर पंधरा शिलिंगांवर आला खरा, पण १९४० मध्ये तो पंचवीस शिलिंग झाला आणि त्या हिशेबाने सिल्व्हर घोस्टचा वार्षिक कर ६१ पौंड ५ शिलिंग होतो. १९४८ पासून नव्या मोटारींना सरसकट दहा पौंड कर आला. १९४७ पूर्वी नोंदलेल्या जुन्या मोटारी मात्र काही वर्षे जुन्या सूत्रातच अडकून राहिल्या. सुधारणा नव्याला मिळाली, जुन्याने जुनेच भरले.

हे सारे दूरदेशीचे वाटेल, पण त्या कराचा ठसा हिंदुस्थानातही उमटला होता. हिंदुस्तान मोटर्सने सुरुवातीला ओखा बंदरात मोटारी जोडल्या. ओखामंडल म्हणजे गायकवाडांच्या बडोदे संस्थानाचा मुलूख. तेथे जोडली गेलेली ‘हिंदुस्तान १०’ ही मुळात मॉरिस टेन. तिचा बोअर ६३.५ मिलिमीटर, म्हणजे बरोबर अडीच इंच, आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर. सूत्रात घातले की उत्तर येते नेमके दहा. गाडीच्या नावातील ‘१०’ हा ब्रिटिश करखात्याचा दहा आहे.

मुंबई राज्याची वाट वेगळी होती. १९५८ च्या मुंबई मोटार वाहन कर कायद्याने मोटारीचे रिकामे वजन पाहिले. पुढे महाराष्ट्रात खाजगी मोटारीचा एकरकमी कर किमतीच्या टक्क्यांवर आला. बोअर कोणी मोजला नाही. पण केंद्राने २००६-०७ च्या अर्थसंकल्पात ‘लहान मोटार’ ही जात ठरवली : लांबी ४ मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. या जातीचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. ब्रिटनमध्ये बोअर आक्रसला होता, इकडे मोटारींची शेपटी कापली गेली. चार मीटरांत बसवण्यासाठी मागे बोटभर डिकी चिकटवलेल्या सेडान गाड्या याच नियमाची लेकरे. त्या फारशा देखण्या नाहीत, हे म्हणायला हरकत नसावी.

आता नंदुरबारकडे वळू. शहाद्याहून तोरणमाळला चढणारा घाट, धडगाव आणि मोलगीकडचे वळणांचे रस्ते, अक्कलकुव्याच्या पलीकडचे नर्मदेच्या बाजूचे पाडे. या भागात जीपगाडी कधीच चैनीची वस्तू नव्हती. आठवडे बाजाराचा माल, आजारी माणूस आणि वऱ्हाड एकाच गाडीतून गेले. महिंद्राच्या या गाड्यांत दोन डिझेल घराणी होती. एक प्यूजोच्या परवान्यावरचे एक्सडीपी ४.९० इंजिन, २११२ सीसीचे. त्याच्या नावातच चार सिलिंडर आणि ९० मिलिमीटर बोअर आहे. दुसरे २५२३ सीसीचे डीआय, इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरच्या कुळातील, बोअर साडेतीन इंच आणि स्ट्रोक चार इंच. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा कारागीर ही जीपही दुरुस्त करू शके. घाटात अशा इंजिनाचे मोल वेगात नसते. कमी फेऱ्यांवर, भरल्या गाडीनिशी, ते न कण्हता चढते की नाही, एवढेच पाहिले जाते.

गंमत म्हणून १९२१ चे ब्रिटिश सूत्र या डीआय इंजिनाला लावून पाहावे. उत्तर १९.६ येते, कर वीस पौंड. म्हणजे लंडनच्या रस्त्यावर साध्या बोलेरोने बेंटलीपेक्षा चार पौंड जास्त मोजले असते.

आणि बोलेरोचे पुढे काय झाले? सप्टेंबर २०१६ मध्ये ‘बोलेरो पॉवर प्लस’ आली. लांबी ३९९५ मिलिमीटर, इंजिन १४९३ सीसी. दोन्ही आकडे मर्यादेच्या आत जेमतेम बसतात, हा योगायोग नाही. याहून विशेष हे की नव्या लहान इंजिनाची शक्ती जुन्या २५२३ सीसीच्या इंजिनापेक्षा जास्त निघाली. सीसी पाहून शक्ती सांगणे हे बोअर पाहून शक्ती सांगण्याइतकेच कच्चे काम, हे येथे उघडे पडते. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २००० सीसी व त्याहून मोठ्या डिझेल मोटारींची नोंदणी थांबवली, तेव्हा महिंद्राने महिन्याभरात १.९९ लिटरचे इंजिन बाजारात आणले. रेषेच्या एका केसाने खाली. ऑगस्ट २०१६ मध्ये ती बंदी उठली. सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराची दरी तर आणखी रुंद झाली : लहान मोटारीला १८ टक्के, इतरांना ४० टक्के. घाटात सात-आठ माणसे नेणारी २२०० सीसीची गाडी आणि मुंबईच्या टॉवरखाली उभी राहणारी आलिशान मोटार या हिशेबात एकाच रांगेत येतात.

हे सगळे नव्या खरेदीचे झाले. जुनी गाडी बाळगणाऱ्याचा प्रश्न प्रत्येक देशाने आपापल्या परीने सोडवला आहे. आयर्लंडमध्ये जुलै २००८ पूर्वी नोंदलेल्या मोटारींवरचा वार्षिक कर आजही सीसीवर चालतो. ३००० सीसीच्या वर गेले की १८०९ युरो. तीच मोटार तीस वर्षांची झाली की अवघे ५६. जपानमध्ये उलट, तेरा वर्षांनंतर पेट्रोल मोटारीचा कर चढतो. महाराष्ट्राने २०१० पासून पंधरा वर्षांवरील वाहनांना पर्यावरण कर लावला. शिवाय १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीचे केंद्रीय शुल्क ६०० रुपयांवरून ५००० झाले. येथे मोजले जाते ते वय. गाडी वर्षाला किती किलोमीटर धावते आणि कोणासाठी, याचा रकाना त्या अर्जात नाही. गाडीला दुसरा पर्याय नसलेल्या पाड्यावरील मालक आणि हौसेखातर जुनी जीप पाळणारा पुण्याचा मालक सारखेच पैसे भरतात.

२०२१ च्या नियमांनी जुन्या वाहनांना एक मानाची जागाही दिली. पन्नास वर्षांपेक्षा जुने, मूळ रूपात राखलेले वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. अट एवढीच की ते रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायचे नाही. प्रदर्शन, संशोधन, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांपुरतेच ते बाहेर निघू शकते. १९८५ मध्ये आलेल्या एमएम ५४० च्या पहिल्या गाड्या २०३५ मध्ये पन्नाशी गाठतील. सातपुड्यातील एखादी तोवर टिकली, तर तिला हा मान मिळू शकेल. मोलगीच्या बाजाराला मात्र तिला नेता येणार नाही.