पट्ट्यावरची चाल

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णाला फिरत्या पट्ट्यावर चालवून, श्रम पडत असताना त्याचे हृदय कसे वागते यावरून पुढील धोक्याचा अंदाज बांधणे, हा 'टीएमटी' किंवा 'स्ट्रेस टेस्ट' नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीचा एक महत्त्वाचा उपयोग आहे. लिंबागणेशहून मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडला तपासणीसाठी जाणारे रुग्ण मात्र तिच्याकडे शाळेच्या परीक्षेसारखे पाहतात: पास झालो तर सुटलो, नापास झालो तर 'अँजिओ'. प्रस्तुत लेखक हाडाचा शिक्षक, त्यामुळे झटक्यातून सावरल्यावर तोही याच समजुतीने पट्ट्यावर चढला.

छातीवरचे केस काढून आणि स्पिरिटच्या बोळ्याने कातडी चुरचुरेपर्यंत घासून तारा चिकटवल्यावर पट्टा सुरू होतो. रॉबर्ट ब्रूस यांनी 1963 साली रूढ केलेल्या पद्धतीत दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. पहिला टप्पा ताशी 2.7 किलोमीटर आणि 10 टक्के चढाचा, म्हणजे रमतगमत चालण्याचा असतो, तर तिसऱ्यात ताशी 5.5 किलोमीटर आणि 14 टक्के चढ येतो तेव्हा बांधावरून रोज हिंडणाराही धापा टाकू लागतो. लेखकाने सवयीने पुढची दांडी घट्ट धरली, तोच तंत्रज्ञ म्हणाला, "गुरुजी, दांडी सोडा, नुसती बोटं टेकवा." ही सूचना शिस्तीपुरती नव्हती. दांडीवर भार टाकणारा रुग्ण अधिक वेळ टिकतो आणि त्याची ताकद आहे त्याहून जास्त भासते. अहवाल चांगला येतो, पण खोटा.

चाचणीचा निकाल मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो. पहिली हृदयालेखातील 'एसटी' रेषा: हृदयस्नायूला रक्त अपुरे पडू लागले की दोन लहरींमधला हा भाग खाली झुकतो. माँट्रियल येथे थेरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरी सोडण्यापूर्वी 210 रुग्णांची हलकी चाचणी घेतली, तेव्हा रेषा झुकलेल्यांपैकी 27 टक्के, तर न झुकलेल्यांपैकी जेमतेम 2.1 टक्के रुग्ण वर्षभरात दगावले. रक्ताची गाठ विरघळवणारी औषधे आणि पुढे स्टेंट आल्यावर ही दरी बरीच बुजली. दुसरी गोष्ट म्हणजे रुग्ण किती चालू शकला. ही क्षमता 'मेट' या एककात मोजतात, आणि एक मेट म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाला लागणारा प्राणवायू. जोनाथन मायर्स यांच्या 2002 सालच्या अभ्यासात सहा हजारांवर पुरुषांमध्ये प्रत्येक वाढत्या मेटमागे जगण्याची शक्यता 12 टक्क्यांनी सुधारलेली दिसली.

लेखक तिसऱ्या टप्प्यात दम लागून थांबला, छातीत दुखले नाही आणि रेषाही सरळ राहिली. त्याच वेळी बाहेर बाकावर बसलेल्या एका वृद्धाची चाचणी, गुडघे आणि दम यांमुळे चालणेच शक्य नसल्याने, रद्द झाली आणि सोबतच्या नातेवाइकांनी "बरं झालं, वाचलो" म्हणून सुस्कारा सोडला. वस्तुतः काळजी करावी ती याच रुग्णाची. इटलीतील 'जिस्सी-2' अभ्यासात चाचणी होऊच न शकलेल्या रुग्णांमध्ये सहा महिन्यांतील मृत्यूचे प्रमाण 7.1 टक्के होते, तर चाचणीत दोष आढळलेल्यांमध्ये 1.7 टक्के. म्हणूनच डॉक्टरांनी त्या वृद्धाला घरी न धाडता, औषध टोचून हृदयाची गती वाढवायची आणि सोनोग्राफीसारख्या यंत्राने हृदयाची हालचाल पाहायची, अशी 'डोब्युटामाइन इको' ही तपासणी लिहून दिली. तिच्यात पाय लागत नाहीत.